रेल कौशल विकास योजना, फिटर ट्रेड: बारावीनंतरच्या सुट्टीत केलेल्या ट्रेनिंगचा रिव्ह्यू

आधीच सांगते, सुट्टीत रेल्वेत काम करून चार पैसे कमवायचे असतील तर ही ती जागा नाही. इथे एक रुपयाही मिळत नाही, उलट येण्याजाण्याचा आणि खाण्याचा खर्च आपलाच. पण वय अठरा पूर्ण आहे, दहावी झालीये, रेल्वेची आवड आहे आणि हाताने काम शिकायची तयारी आहे, तर रेल कौशल विकास योजनेइतकी सरळ वाट मला तरी दुसरी सापडली नाही. तीन आठवडे, फी शून्य, शिकवणारे रेल्वेतलेच लोक आणि जागा म्हणजे रेल्वेच्या कारखान्याला लागून असलेलं ट्रेनिंग सेंटर. मी फिटर ट्रेड केला, म्हणजे लोखंडाचे भाग मापात घासून, कापून एकमेकांना जुळवायचं काम. पाचपैकी चार स्टार देतेय, एक का कापला ते पुढे येईलच.

बारावी सायन्सचा शेवटचा पेपर झाला, सीईटी झाली आणि मग ॲडमिशनचे राऊंड सुरू होईपर्यंत मोठी सुट्टी होती. मला लहानपणापासून गाड्यांचं वेड, पप्पांना वाटत होतं की कुठेतरी स्टेशनवर वगैरे महिनाभराचं काम मिळेल, तर आम्ही दोघं बसून शोधायला लागलो. आणि मग कळलं की आपल्याकडे रेल्वेत 'समर जॉब' असा प्रकारच नाही. म्हणजे सुट्टीत जाऊन महिनाभर काम केलं, पगार घेतला आणि परत कॉलेजला गेलं असं काही नसतं. इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाच्या मुलांना कॉलेजचं पत्र घेऊन वर्कशॉपमध्ये किंवा लोको शेडमध्ये व्होकेशनल ट्रेनिंग करता येतं, पण त्यासाठी आधी त्या कॉलेजात असावं लागतं. अप्रेंटिस व्हायला आयटीआय लागतो. मग नुसती दहावी-बारावी झालेल्या मुलांनी काय करायचं? तर त्यांच्यासाठी हेच एक दार आहे, आणि आश्चर्य म्हणजे माझ्या वर्गातल्या कोणालाच ते माहीत नव्हतं. त्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरात कोणी ना कोणी रेल्वेत आहे, तरीही.

ही योजना १७ सप्टेंबर २०२१ ला सुरू झाली. तेव्हा तीन वर्षांत ५०,००० मुलांना शिकवायचं ठरलं होतं आणि सुरुवातीला चारच ट्रेड होते, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, मशिनिस्ट आणि फिटर. अभ्यासक्रम वाराणसीच्या बनारस लोकोमोटिव्ह वर्क्सने तयार केला, तेच लोक जे रेल्वेची इंजिनं बनवतात. नंतर ट्रेड वाढत गेले, आता एसी मेकॅनिक, कारपेंटर, ट्रॅक लेइंग, बार बेंडिंग, कॉम्प्युटर बेसिक्स असं बरंच आहे, पण सगळे ट्रेड सगळ्या सेंटरला नसतात, तुमच्या जवळच्या सेंटरला काय आहे ते त्या महिन्याच्या नोटिफिकेशनमध्येच बघायचं. वयाची अट १८ ते ३५. कोर्स १०० तासांचा, तो कामाच्या १८ दिवसांत बसवलेला, म्हणजे दिवसाला साधारण साडेपाच तास. ७५ टक्के हजेरी पाहिजेच.

फॉर्म ऑनलाइन भरायचा, रेल्वेच्या योजनेच्या स्वतःच्या साइटवर, आणि तो मोबाइलवरूनही भरता येतो हे मुद्दाम लिहितेय कारण एका नेट कॅफेवाल्याने माझ्याकडे 'प्रोसेसिंग फी' म्हणून पैसे मागितले होते आणि वर म्हणाला की रेल्वेला भरावे लागतात. रेल्वे या फॉर्मचे काहीच पैसे घेत नाही. मी तिथून उठून आले आणि घरी मावशीच्या लॅपटॉपवर भरला. त्याला स्कॅन करून टाइप करून दिल्याबद्दल जे काय होतात ते घ्यायला माझी हरकत नव्हती, पण रेल्वेचं नाव सांगून मागणं चुकीचं आहे, आणि किती मुलं देऊन जात असतील.

कागदपत्रांत दहावीचं मार्कशीट, सर्टिफिकेट, फोटो, सही, आधारसारखं ओळखपत्र हे तर असतंच. वेळ जातो तो दोन गोष्टींना. एक, एमबीबीएस डॉक्टरचं मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट. आमच्या गल्लीतले डॉक्टर बीएएमएस आहेत, ते लगेच लिहून द्यायला तयार होते पण नोटिफिकेशनमध्ये रजिस्टर्ड एमबीबीएस असं स्पष्ट आहे, तर सरकारी दवाखान्यात जावं लागलं. दोन, ॲफिडेव्हिट. १० रुपयांच्या नॉन-ज्युडिशियल स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं की मी सेंटरचे नियम आणि सुरक्षेचे नियम पाळीन आणि या ट्रेनिंगच्या जोरावर रेल्वेत नोकरी मागणार नाही. आई ते वाचून जरा नाराज झाली, म्हणाली आधीच लिहून घेतात मग जायचं कशाला. मला उलट ते आवडलं. पहिल्या दिवसाच्या आधीच खरं सांगून टाकलंय, कोणाला खोटी आशा नाही.

निवड दहावीच्या मार्कांवर. परीक्षा नाही, इंटरव्ह्यू नाही. ज्यांना दहावीला सीजीपीए आहे त्यांचे ९.५ ने गुणून टक्के काढतात. ट्रेड निवडताना मात्र विचार करा, कारण एका माणसाला एकदाच हे ट्रेनिंग करता येतं, आज फिटर आणि पुढच्या सुट्टीत वेल्डर असं चालत नाही. मी फिटर घेतला कारण तो सगळ्याचा पाया आहे असं पप्पांच्या ओळखीतल्या एका रिटायर्ड काकांनी सांगितलं होतं, ते चाळीस वर्षांपूर्वी अप्रेंटिस म्हणून लागले होते आणि त्यांच्या मते ज्याला कानस धरता आली त्याला पुढचं सगळं येतं.

आता मुख्य भाग, शिकवतात काय आणि कसं.

पहिला दिवस जवळपास सगळा सेफ्टीवर. शूज कुठले पाहिजेत, ओढणी आणि सैल बाह्या का नकोत, केस बांधून टोपीखाली, अंगठी-घड्याळ-कडं काढून ठेवायचं, रूळ ओलांडायचा तर कुठून आणि आधी दोन्ही बाजूला बघून, उभ्या डब्याच्या खालून किंवा दोन डब्यांच्या मधून कधीच जायचं नाही, तो आत्ता उभा आहे म्हणजे उभाच राहील असं नसतं. काही मुलं कंटाळली होती. मला वाटतं हा दिवस कापायला नको, उलट परत एकदा मध्यात घ्यायला पाहिजे, कारण दोन आठवडे झाले की सगळ्यांना वाटायला लागतं आपल्याला येतंय आणि तेव्हाच हात सैल पडतो. ड्रिल मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत हे मला तिथेच कळलं, मी तर समजत होते हातमोजे म्हणजे सुरक्षा, पण फिरत्या ड्रिलमध्ये हातमोज्याचा धागा अडकला की हातच आत ओढला जातो. तसंच लोखंडाचा कीस हाताने झटकायचा नाही, फुंकर मारायची नाही, ब्रशनेच काढायचा. या गोष्टी साध्या वाटतात पण कोणी समोर उभं राहून 'का' ते सांगितलं की आयुष्यभर डोक्यात राहतात.

मग कानस. फिटरला पहिल्या आठवड्यात बाकी काही नाही, नुसती कानस मारायची. एमएसचा, म्हणजे माइल्ड स्टीलचा एक तुकडा देतात, व्हाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात) पकडायचा आणि त्याची एक बाजू सपाट करायची. ऐकायला काहीच नाही. करून बघा. डावा पाय पुढे, अंगाचं वजन पुढे जाताना द्यायचं, कानस पुढे जाताना दाब, मागे येताना दाब सोडायचा, आणि दोन्ही हातांचा दाब असा बदलत न्यायचा की कानस डोलली नाही पाहिजे, डोलली की मधे उंचवटा राहतो आणि कडा खाली जातात. मग गुण्या लावून उजेडाकडे धरायचं, गुण्या आणि लोखंडाच्या मधून प्रकाश दिसला की परत. माझ्या तुकड्याखालून प्रकाश दिसतच होता, दिसतच होता. शिकवणारे सर काही ओरडत नाहीत, येतात, गुण्या लावतात, बोटाने दाखवतात कुठे उंच आहे आणि पुढच्या मुलाकडे जातात. बोटांना फोड आले. पण ज्या दिवशी गुण्याखालून काहीच दिसलं नाही त्या दिवशी तो तुकडा घरी नेऊन सगळ्यांना दाखवावा असं वाटलं, पण केलेला तुकडा, ज्याला तिथे 'जॉब' म्हणतात, तो सेंटरवरच जमा करावा लागतो.

मोजमाप हा भाग माझ्यासाठी सगळ्यात भारी होता. बारावीच्या प्रॅक्टिकलला आम्ही व्हर्नियर कॅलिपर वापरलाय, पण तेव्हा रीडिंग वहीत बसवायचं असायचं. इथे ०.०२ मिमी लीस्ट काउंटचा, म्हणजे तेवढा बारीक फरकही दाखवणारा व्हर्नियर आणि आपण स्वतः कापलेला तुकडा, त्यामुळे आकडा चुकला तर तो वहीत चुकत नाही, हातात चुकतो. तुकडा एकदा जास्त घासला गेला की परत वाढवता येत नाही. मार्किंगला स्क्रायबर, डॉट पंच, सेंटर पंच, मग हॅकसॉने (लोखंड कापायच्या करवतीने) रेघेच्या बाहेरून कापायचं आणि उरलेलं कानसने आणायचं. हॅकसॉच्या ब्लेडचे दात पुढच्या बाजूला तोंड करून लावायचे, आमच्या घरच्या हॅकसॉला कित्येक वर्षं ब्लेड उलटं होतं. पुढे ड्रिलिंग आणि टॅपिंग. एम१० चे, म्हणजे १० मिमीच्या बोल्टचे आटे पाडायचे असतील तर ८.५ मिमीचं भोक आधी, मग टॅप (आत आटे पाडायचं हत्यार) अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटून पडतो आणि टॅप आत मोडत नाही. आमच्या बॅचमध्ये एकाचा मोडलाच, आणि मोडलेला टॅप बाहेर काढणं हे किती अवघड काम आहे तेही सगळ्यांना बघायला मिळालं.

बोलायची भाषा हिंदी-मराठी मिक्स, नोट्स हिंदी-इंग्लिशमध्ये. मराठी मीडियमच्या मुलांनी घाबरायचं कारण नाही, नावं सगळी इंग्लिशच असतात आणि ती दोन दिवसांत तोंडात बसतात.

कारखाना आतून बघायला मिळतो तो मात्र रोज नाही, तिसऱ्या आठवड्यात आणि गटागटाने. माझ्या मते याच्यासाठी अजून वेळ पाहिजे. जे बघितलं ते मी विसरू शकत नाही. प्रवासी डबा ठराविक काळाने पीओएचला, म्हणजे पिरिऑडिक ओव्हरहॉलला येतो. डब्याची अख्खी बॉडी क्रेनने उचलून बाजूला ठेवतात आणि खालच्या बोगी वेगळ्या निघतात. आपण रोज 'बोगी' म्हणतो ते डब्याला, पण कारखान्यात बोगी म्हणजे खालचा सांगाडा, चाकं, स्प्रिंग, ब्रेक यासकट. ती बोगी धुतात, पूर्ण खोलतात, स्प्रिंग तपासतात, चाकं व्हील शॉपला जातात. ॲक्सलची, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याची अल्ट्रासॉनिक तपासणी करतात, आत कुठे तडा गेलाय का ते बाहेरून दिसत नाही म्हणून.

चाकांपाशी आम्हाला एका सीनियर टेक्निशियन दादांनी समजावलं ते मी जसंच्या तसं घरी सगळ्यांना सांगितलं. एलएचबी डब्याचं, म्हणजे आताच्या नव्या पद्धतीच्या डब्याचं, नवीन चाक ९१५ मिमी व्यासाचं असतं आणि झिजत, परत घासत ८४५ मिमीपर्यंत आलं की बाद. आणि चाक सरळ सपाट नसतं, रुळावर टेकणारा भाग उतरता असतो, २० ला १ या उताराचा. का, तर दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर घट्ट बसवलेली, मोटारीसारखी वेगवेगळी फिरू शकत नाहीत, आणि वळणावर तर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचंय. मग वळणावर चाकांची जोडी थोडी बाहेर सरकते, बाहेरचं चाक त्याच्या मोठ्या व्यासावर चालतं, आतलं छोट्या व्यासावर, आणि गाडी वळते. एवढी मोठी गाडी वळते ती या उतारावर. व्हील लेथवर तो उतार परत कापून आणतात. मी इतकी वर्षं गाडीत बसतेय, खिडकीतून वळणावर पुढचं इंजिन दिसलं की खूश होतेय, आणि हे कोणी सांगितलंच नव्हतं. फिजिक्सच्या पुस्तकात हे उदाहरण द्यायला हवं.

आणि तेव्हा कानसचं महत्त्वही कळलं. आम्ही एका तुकड्यावर दोन शतांश मिलिमीटरसाठी रडत होतो, आणि इथे माणसं त्याच सवयीवर हजारो लोकांचा प्रवास सुरक्षित ठेवतात. परळचा कारखाना १८७९ पासूनचा, माटुंग्याचा १९१५ पासूनचा, पिढ्यान् पिढ्या हे काम चालू आहे आणि बाहेर त्याची बातमीही होत नाही.

मुलींसाठी थोडं वेगळं लिहिते. आमच्या बॅचमध्ये मुली कमी होत्या पण होत्या, आणि कोणी आम्हाला हलकं काम दिलं नाही, तोच तुकडा, तीच कानस. वागणूक चांगली होती. लेडीज टॉयलेट होतं पण ट्रेनिंग शेडपासून बरंच लांब, हे सुधारायला पाहिजे, मुलींनी फॉर्म भरावेत असं वाटत असेल तर हे आधी बघा. आईला काळजी होती की कारखान्यात सगळे पुरुष असतील. तिला मी सुरेखा यादव यांच्याबद्दल सांगितलं, साताऱ्याच्या, कराडला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून सेंट्रल रेल्वेत गेल्या, भारतातल्या पहिल्या महिला लोको पायलट झाल्या आणि १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत घेऊन आल्या. आईला नाव माहीत होतं, डिप्लोमाचं माहीत नव्हतं.

त्याच ओघात एक गोष्ट, जी मला बारावीच्या आधीच कोणीतरी सांगायला हवी होती. मला लोको पायलट व्हायचं होतं. चष्मा आहे मला. असिस्टंट लोको पायलटच्या भरतीत ए-१ मेडिकल लागतं, म्हणजे दोन्ही डोळे ६/६ आणि तेही चष्म्याशिवाय, लेझर ऑपरेशन करून घेतलेलंही चालत नाही. सेंटरवर एका सरांनी हे शांतपणे समजावून सांगितलं, वाईट वाटलं, खूप वाटलं. पण बरं झालं की अठराव्या वर्षी कळलं, तीन-चार वर्षं त्या परीक्षेची तयारी करून मेडिकलला कळण्यापेक्षा. तर ज्यांना इंजिन चालवायचंय त्यांनी आजच्या आज डोळे तपासून घ्या, रंग ओळखण्याची तपासणीसुद्धा. रेल्वेत सगळ्या पोस्टना हा एकच नियम नाही, वर्कशॉपच्या टेक्निकल कामांना मेडिकलचे दर्जे वेगळे असतात, चष्मा असला म्हणजे रेल्वेच बंद असं अजिबात नाही.

शेवटी परीक्षा. लेखीला ५५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ६० टक्के पाहिजेत. लेखी अवघड नाही, वर्गात लक्ष दिलं असेल तर होते. प्रॅक्टिकलला एक जॉब ठराविक वेळेत ठराविक मापात करून द्यायचा आणि तिथे पहिल्या आठवड्यात ज्यांनी कानसला कंटाळा केला ते सगळे अडकतात. पास झालो की सर्टिफिकेट.

आता तो एक स्टार. मला पहिली अडचण वाटते ती राहण्याची. ट्रेनिंग फक्त दिवसाचं, राहायची सोय नाही, भत्ता नाही, प्रवासाचे पैसे नाहीत. माझं घर लोकलने जाता येईल इतक्या अंतरावर होतं म्हणून जमलं, सीझन पास काढला आणि झालं. पण खेड्यातला मुलगा, ज्याला याची माझ्यापेक्षा जास्त गरज आहे, तो तीन आठवडे शहरात कुठे राहणार? आमच्या बॅचमधला एक मुलगा नातेवाईकांकडे राहत होता, त्याच्या मामींनी ठेवून घेतलं म्हणून, नाहीतर नसता आला. रोज जेवणाचे थोडे पैसे आणि येण्याजाण्याचा पास एवढं दिलं तरी चित्र बदलेल. दुसरं, मी जिथे केलं तिथे व्हाइस पुरेसे होते पण ड्रिल मशीनवर खूप वेळ नंबर लावावा लागायचा, १०० तासांतले काही तास नुसते उभं राहण्यात गेले. आणि तिसरं, १०० तास खूप कमी आहेत. फिटर आयटीआयला दोन वर्षांचा असतो, त्यावरून अंदाज करा. तीन आठवड्यांत कोणी फिटर होत नाही, फिटर व्हायचंय की नाही ते कळतं. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं आणि म्हणूनच चार स्टार, पण एका मुलाने हे सर्टिफिकेट घेऊन कंपनीत काम मागितलं तर त्याला विचारलं आयटीआय कुठाय, आणि तो बिचारा खूप खट्टू झाला. सर्टिफिकेटवर नोकरी लागेल या आशेने यायचं नाही, प्लीज.

अजून अठरा पूर्ण नसलेल्यांसाठी पण सांगते कारण माझा धाकटा मामेभाऊ सोळाचा आहे आणि तो रोज विचारतो. या योजनेत त्याला घेणार नाहीत. पण त्याच्याकडे एक मोठा रस्ता आहे जो माझ्यासाठी बंद झालेला नाही, पण आता लांबचा पडतो. दहावीनंतर आयटीआय करायचा, वेल्डर एक वर्षाचा, फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट दोन वर्षांचे, आणि मग रेल्वेत ॲक्ट अप्रेंटिस, म्हणजे १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली. तिथे वय १५ पूर्ण ते २४, दहावीला ५० टक्के, परीक्षा नाही, दहावी आणि आयटीआयच्या मार्कांची सरासरी काढून मेरिट लावतात. फॉर्मची फी १०० रुपये, मुलींना आणि एससी-एसटीला तीही माफ. वर्षभर काम शिकायचं आणि स्टायपेंड मिळतो, सेंट्रल रेल्वेच्या जाहिरातींत महिना ७००० रुपये होता. जागाही आपल्या राज्यातच भरपूर, परळ, माटुंगा, भायखळ्याचं सिग्नलचं वर्कशॉप, कल्याण-कुर्ल्याच्या शेड, भुसावळ, मनमाड, नाशिक रोड, अजनी, पुणे, दौंड, कुर्डुवाडी. आणि खरा फायदा पुढे आहे, रेल्वेच्या लेव्हल १ च्या, म्हणजे सगळ्यात सुरुवातीच्या पातळीच्या पदांच्या भरतीत २० टक्के जागा अशा अप्रेंटिस पूर्ण केलेल्या मुलांसाठी राखीव असतात. परीक्षा द्यावी लागतेच, नोकरी आपोआप लागत नाही, पण ते २० टक्के खूप मोठी गोष्ट आहे. मार्कांचं एवढं महत्त्व आहे म्हणून मामेभावाला सांगितलंय की रेल्वेत जायचंय तर दहावीचे मार्क आयुष्यभर बरोबर येतात, ती परीक्षा हलक्यात घेऊ नकोस.

आता फसवणुकीबद्दल, कारण हे ट्रेनिंग चालू असताना बॅचमधल्या दोघांना फोन आले होते की 'पुढची जॉइनिंग करून देतो, अमुक पैसे भरा'. २०२२ मध्ये तमिळनाडूच्या २८ मुलांचं काय झालं ते सगळ्यांनी वाचायला पाहिजे. त्यांना टीटीई, क्लार्क अशा नोकऱ्या लागल्यात असं सांगून नवी दिल्ली स्टेशनवर महिनाभर रोज आठ तास येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजायला बसवलं, आणि ट्रेनिंग म्हणून ती मुलं मोजत राहिली. प्रत्येकाकडून २ लाखांपासून २४ लाखांपर्यंत घेतले होते, मिळून अडीच कोटींच्या वर. ती मुलं अडाणी नव्हती, त्यातले बरेच इंजिनिअरिंग शिकलेले होते. त्यांना रेल्वेचं ट्रेनिंग कसं असतं हे कधी बघायलाच मिळालं नव्हतं. ज्याने एक दिवस जरी ट्रेनिंग सेंटरमध्ये काढलाय, हजेरीचं रजिस्टर, सेफ्टीचा तास, सही-शिक्क्याचं पत्र बघितलंय, त्याला प्लॅटफॉर्मवर बसून गाड्या मोजायला सांगितलं तर तो पहिल्याच दिवशी प्रश्न विचारेल. अशा पदांची रेल्वेची भरती आरआरबी (रेल्वे भरती बोर्ड) किंवा आरआरसीच्या (रेल्वे रिक्रूटमेंट सेलच्या) जाहिरातीशिवाय होत नाही आणि कोणी 'आतला माणूस' ती करून देऊ शकत नाही.

माझं पुढचं ठरलंय. बारावी सायन्सवर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला ॲडमिशन मिळते, मेकॅनिकलला फॉर्म भरलाय. डिप्लोमा झाला की आरआरबीची ज्युनिअर इंजिनिअरची परीक्षा देता येते, आणि मधल्या सुट्टीत कॉलेजचं पत्र घेऊन वर्कशॉपला व्होकेशनल ट्रेनिंग, यावेळी मला व्हील शॉप मागायचंय. मिळेल की नाही ते तिथल्या जागांवर आहे पण अर्ज लवकर टाकणार.

ज्यांना पुढच्या सुट्टीत हे करायचंय त्यांनी मार्च-एप्रिलपासूनच साइट बघत राहा, नोटिफिकेशन महिन्याच्या महिन्याला येतं आणि फॉर्म थोडेच दिवस उघडा असतो. मेडिकल आणि ॲफिडेव्हिटचा नमुना आदल्या नोटिफिकेशनमधून बघून ठेवा, दोन्हीला धावपळ होते. पहिल्या दिवशी पूर्ण बंद चामड्याचे शूज घालूनच जा, स्पोर्ट्स शूज घालून आलेल्यांना आमच्याकडे मशीनजवळ उभं राहू दिलं नव्हतं. सुती पॅन्ट, पाण्याची बाटली, डबा, एक वही, आणि बोटांना लावायला बँडेड पट्ट्यांचं पाकीट, ते पहिल्या आठवड्यात संपतं.